प्रिंटर ठेवायचा कुठे? गोव्यातल्या बंद ऑफिसासाठी

जुलै हा आमच्या धंद्यातला सर्वांत वाईट महिना. म्हापशात दुसऱ्या मजल्यावर आमचं करसल्ल्याचं ऑफिस आहे, आठ माणसं बसतात. विवरणपत्रांची मुदत साधारण ३१ जुलैची असते, त्यामुळे वर्षाची बरीचशी छपाई त्या एका महिन्यात उरकायची. बाहेर पाऊस असा, की पश्चिमेची खिडकी बोटभर उघडली तरी टेबलावरच्या फायली भिजतात. मग खिडक्या बंद, एसी चालू आणि लेझर प्रिंटर सकाळी साडेनवापासून दिवेलागणीपर्यंत घरघरतोय.

हा प्रिंटर आमच्या टायपिंगच्या बाईंच्या खुर्चीमागे होता. जुलैत त्यांना खोकला लागायचा. पावसाळा आहे, चालायचंच, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो. एका वर्षी त्याच म्हणाल्या, "दादा, फोंड्याला बहिणीकडे तीन दिवस होते. एकदा खोकले नाही. इथे आले की जेवणाच्या सुट्टीच्या आत सुरू."

त्या वाक्यानंतर मी या विषयात डोकं घातलं. दोन पावसाळे करून पाहिलं, काही चुकलं, काही जमलं. प्रिंटर सहा पावलं हलवला आणि एक पंखा बसवला, त्यानं बाईंचा खोकला बराच कमी झाला. पूर्ण गेला नाही, कारण त्यांना धुळीची ॲलर्जी आधीपासून आहे. पण माझं मत पक्कं झालं: यंत्रापेक्षा बंद खोली जास्त त्रास देते. म्हणून नवीन प्रिंटर घ्यायच्या आधी जागा आणि हवा यांच्याकडे बघा. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावलाय.

आधी, यंत्रातून बाहेर काय पडतं

लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन यांचं पोट एकच. टोनर ही शाई नव्हे. ती प्लास्टिकची अतिबारीक पूड असते. तिच्यात काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक, थोडं मेण, कधी लोहाचं ऑक्साइड. एकेक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड धरा, म्हणजे अंदाज येईल. ही पूड स्थिर विजेमुळे कागदावर चिकटते आणि फ्यूजर नावाच्या तापलेल्या रोलरखाली, १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, वितळून कागदावर पक्की बसते.

लोकांना भीती वाटते ती या काळ्या पुडीची. खरं तर धडधाकट मशीनमधून ती फारशी उडत नाही. गळकं कार्ट्रिज, भरलेली वेस्ट टोनरची बाटली (उरलेली पूड जमा होते ती), किंवा झाकण उघडून आत फुंकर मारणारा उत्साही माणूस, यातलं काही असलं तरच उडते.

खरी गंमत फ्यूजरपाशी आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये लिडिया मोरावस्का यांच्या गटाने ऑफिसांतले ६२ प्रिंटर तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातले १७ प्रिंटर अतिसूक्ष्म कण भरपूर सोडत होते, तर बरेचसे जवळजवळ काहीच सोडत नव्हते. अतिसूक्ष्म म्हणजे ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे. पुढे त्याच गटाने दाखवलं की हे कण म्हणजे उडालेला टोनर नव्हेच. तापलेल्या टोनरमधून आणि कागदातून ज्या वाफा निघतात, त्या बाहेरच्या थंड हवेत येताच गोठतात आणि त्यांचे हे कण बनतात. म्हणूनच मशीनवर काळी धूळ दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ, असं म्हणता येत नाही.

त्याच तापण्यात स्टायरीन, टोल्युईन, झायलीन अशा वाफा थोड्या प्रमाणात सुटतात. "नवीन मशीनचा वास" म्हणतात तो बराचसा यांचा. शेवटी ओझोन. जुन्या मशीनमध्ये कोरोना वायर नावाची बारीक तार असते, तिच्यावर मोठा दाब देऊन वीज खेळवतात आणि त्यात हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. मृगात पहिली वीज कडाडल्यावर हवेला जो तिखट, धातूसारखा वास येतो ना, तोच. नव्या मशीनमध्ये तारेऐवजी चार्ज रोलर असतो, त्यामुळे ओझोन खूपच कमी झालाय. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीला ०.१ पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) ही ओझोनची कायदेशीर मर्यादा आहे. नाकाला वास त्याच्या बराच आधी येतो, पण नाक लगेच सरावतं. म्हणून ऑफिसात वास येतो का, हे तिथे रोज बसणाऱ्याला विचारू नका. बाहेरून आलेल्या पोस्टमनला विचारा.

घाबरायचं किती? कार्बन ब्लॅकला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने "२ ब", म्हणजे कर्करोगाची शक्यता असलेल्या वर्गात ठेवलंय. पण त्यामागचा मुख्य आधार प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आहे, आणि टोनरमध्ये तो प्लास्टिकमध्ये बांधलेला असतो. दक्षिण भारतातल्या झेरॉक्स चालकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात फुफ्फुसाच्या चाचणीत त्यांच्यात आणि इतरांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही, मात्र रक्तात दाहाच्या खुणा जास्त होत्या. मी याचा अर्थ असा लावतो: दिवसाला दहा पानं काढणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये. पण मामलेदार कचेरीबाहेरच्या अडीच मीटरच्या गाळ्यात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याच्या आणि रहिवासी दाखल्याच्या झेरॉक्स काढत सकाळपासून उभा असलेला पोरगा, त्याची गोष्ट वेगळी. त्याने हा लेख दोनदा वाचावा. दम्याच्या माणसानेही.

पायरी १: एक दिवस नुसतं बघा

एक पैसाही खर्च करण्याआधी टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा. प्रिंटर चालू असताना ती त्याच्या चारही बाजूंनी फिरवा. जिथे पट्टी फडफडते तिथे मशीनचा पंखा गरम हवा बाहेर फेकतोय. आमच्याकडे पट्टी फडफडली ती डाव्या बाजूच्या जाळीपाशी आणि त्या जाळीसमोर वीतभर अंतरावर होती बाईंची मान. मी स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसलो. विसाव्या पानाला मानेवर उबदार झुळूक जाणवायला लागली. दहा वर्षं त्या तिथे बसत होत्या आणि आमच्यापैकी कोणी ते पाहिलं नव्हतं.

मग ऑफिसातल्या हवेत आणखी काय काय मिसळतंय ते कागदावर लिहून काढा. आमची यादी लाजिरवाणी निघाली. सकाळी तसबिरीपुढे दोन अगरबत्त्या, फायलींच्या कपाटात डांबरगोळ्या, संडासात फिनेल, संध्याकाळी मच्छर अगरबत्ती, आणि कुबट वास जावा म्हणून लिंबाच्या वासाचा फवारा. प्रिंटरला शिव्या घालत बसलो असतो आणि या अगरबत्त्या तशाच चालू ठेवल्या असत्या तर काही उपयोग नव्हता. बंद खोलीत अगरबत्तीचा धूर प्रिंटरपेक्षा कमी नसतो. डांबरगोळीतलं नॅफ्थलीनही त्याच "२ ब" वर्गात आहे. लिंबाच्या फवाऱ्याचं तर आणखी वेगळंच. त्यातला लिमोनीन ओझोनशी संयोग पावला की फॉर्मल्डिहाइड आणि नवे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मशीनचा वास मारायला मारलेला फवारा मशीनलाच साथ देतो.

आता निरांजन लावतो, अगरबत्ती घरी. फवारा बंद. डांबरगोळ्या काढायला मात्र आमच्या भागीदारकाकांशी दोन आठवडे वाद घालावा लागला.

पायरी २: जागा बदला

नियम साधा आहे: मशीन आणि सगळ्यांत जवळच्या नाकामध्ये जमेल तितकं अंतर ठेवा, आणि जाळीचं तोंड माणसाकडे नको. वेगळी खोली मिळाली तर उत्तम. जुन्या घरात असते तशी कोठीची खोली, जिन्याखालचा कोपरा जिथे कोणी बसत नाही, फायलींची खोली, काहीही चालेल. खोली नसेल तर ज्या भिंतीत पंखा बसवता येईल तिच्याशी.

काही जागा टाळा. एसीच्या खाली नको, कारण एसी तीच हवा उचलून सगळ्यांच्या टेबलावर पसरवतो. जेवणाच्या टेबलाशेजारी नको. पावसाची ओल येणाऱ्या भिंतीला चिकटवून तर नकोच. मशीनच्या मागे निदान वीतभर मोकळी जागा हवी, नाहीतर ते आतून तापतं. आणि बंद कपाटातही नको. दिसायला छान दिसतं, पण दार उघडलं की साठलेली सगळी गरम हवा थेट तोंडावर.

हलवण्याला ऑफिसातूनच विरोध होतो तो "उठून जावं लागतं" म्हणून. उठून जावं लागतं, बरोबर. आमच्याकडे त्याचा एक फायदा आपोआप झाला. लोक एकेक पान काढायचे ते पाच-सहा कामं साठवून एकदम काढायला लागले. फ्यूजर थंड असताना सुरुवातीच्या पानांना कणांचा झोत सर्वांत मोठा असतो, त्यामुळे दिवसात मशीन जितक्या कमी वेळा झोपेतून उठेल तितकं बरं.

पायरी ३: हवा जाऊ द्या, येऊ द्या

इथे थोडं थांबतो, कारण गोव्यात नेमकं इथेच बिघडतं.

आमच्या आजोबांच्या काळातली घरं श्वास घेत. कौलारू छप्पर, कौलांच्या फटी, उंच भिंती, शिंपल्यांची तावदानं, वर झरोके. पणजीच्या फोंताइन्यासातल्या किंवा म्हापशातल्या अशाच जुन्या घरात ऑफिस थाटलं की पहिलं काय करतात? एसी गार राहावा म्हणून फॉल्स सीलिंग. मग शिंपल्यांच्या खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, ज्या फार तर अर्ध्या उघडतात. घर जुनं, पण त्याचा श्वास बंद. पणजीच्याच पाटो भागातल्या नव्या इमारतींमध्ये तर तो मुळातच नसतो.

आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. तो आतलीच हवा गार करून परत सोडतो. मी एक कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला. बाहेर गॅलरीत ४२०-४३० दाखवत होता. आठ माणसं साडेनवाला दार लावून बसलो, साडेदहाला मीटर १४०० पीपीएमवर. हजाराच्या वर आकडा गेला की ताजी हवा कमी पडतेय असं ढोबळपणे धरतात. कार्बन डायऑक्साइड प्रिंटरमधून येत नाही, तो आपल्या श्वासातून येतो. पण आपला श्वास बाहेर जात नसेल तर प्रिंटरच्या वाफाही तिथेच आहेत, एवढं तो सांगतो.

उपाय एक्झॉस्ट फॅन. हिशेब असा करा. आमची प्रिंटरची खोली १० फूट लांब, ८ फूट रुंद, ९ फूट उंच, म्हणजे ७२० घनफूट, साधारण २० घनमीटर. सहा इंची एक्झॉस्टच्या खोक्यावर बहुधा तासाला २५०-३०० घनमीटर असा आकडा असतो. जाळी, झडप, पाइप यांनी तो निम्मा होतो असं मी धरतो. तरी १२५ भागिले २०, म्हणजे तासाला सहा वेळा खोलीतली हवा बदलली. एवढं छोट्या ऑफिसाला पुरतं. गाळ्यात चार-चार मशीन असतील तर मोठा पंखा घ्या.

आता दिशा. नैऋत्येचा पाऊस आणि दुपारचा समुद्रवारा, दोन्ही पश्चिमेकडून. पश्चिमेच्या भिंतीत पंखा लावलात तर तो वाऱ्याशी कुस्ती खेळतो आणि झडपेतून पाणी आत येतं. आमची पहिली चूक हीच. सुताराने सांगितलं होतं, "बाब, हांगा नाका," म्हणजे इथे नको. आम्ही ऐकलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पंख्याखालची रद्दी भिजून लगदा झाली. मग पूर्वेच्या भिंतीत हलवला, बाहेरून आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचं झाकण लावलं. पंखा कोणाच्या खिडकीकडे किंवा जिन्याकडे तोंड करून बसवू नका. शेजाऱ्याशी भांडण फुकटचं.

पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट हवी. खोलीचं दार खालून घट्ट असेल तर पंखा नुसता गरगरतो. दाराखाली इंचभर फट ठेवा किंवा जाळी बसवा. तपासायला तीच टिश्यूची पट्टी: दार लावा, पट्टी फटीपाशी धरा. ती खोलीच्या आत ओढली गेली तर काम झालं. बाहेर ऑफिसाकडे फडफडली तर पंख्याची दिशा उलटी आहे. हसू नका, आमच्याकडे इलेक्ट्रिशियनने एकदा उलटा बसवला होता.

पावसाळ्यात दिवसभर पंखा चालवला तर बाहेरची दमट हवा आत येते आणि भिंतींना बुरशी धरते. म्हणून आम्ही छपाई सुरू करताना पंखा लावतो आणि संपल्यावर १५-२० मिनिटं चालू ठेवतो, मग बंद. मुख्य खोलीत तासातून पाच मिनिटं पूर्वेची खिडकी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी अकरापर्यंत एसीची गरजच नाही, खिडक्या सताड. एप्रिल-मे जुलैसारखेच, फक्त ओल नाही.

पायरी ४: कागद कोरडा ठेवा

एका जूनमध्ये नवीन पोरगा ओरडला, "मशीनमधून धूर!" सगळे धावले. धूर नव्हता, वाफ होती. रिमचं वेष्टण फाडून चार दिवस उघड्यावर ठेवलेला कागद इतका ओला झाला होता की फ्यूजरमधून जाताना त्यातलं पाणी वाफ होऊन निघत होतं. मशीनवर हात ठेवला तर बोटं ओली. धूर आणि वाफ यातला फरक वासावरून कळतो: जळलेल्या प्लास्टिकचा वास आला तर प्लग काढा. वास नसेल आणि पांढरट पुंजका लगेच विरत असेल तर वाफ.

ओला कागद तब्येतीलाही वाईट. तो अडकतो, अडकला की झाकण उघडून न चिकटलेल्या टोनरमध्ये हात घालावा लागतो. टोनर नीट बसत नाही, बोटाला लागतो, मग तो डोळ्याला. उपाय सोपा: रिमचं वेष्टण लागेल तेवढंच उघडा, रात्री ट्रेमधला कागद झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. आमच्याकडे त्यासाठी चवथीच्या फराळाचा मोठा डबा कामाला लावलाय. कागद मशीनमध्ये घालण्याआधी फडकवतात तो मशीनपासून लांब, पंख्याखाली फडकवा. कागदाची पांढरी धूळही नाकात जातेच.

बुरशी दिसली तर आधी ओल कुठून येते ते शोधा, रंग मागाहून लावा. बुरशी आलेल्या जुन्या फायली प्रिंटरच्या खोलीत ठेवू नका.

पायरी ५: टोनर हाताळणं, आणि सांडला तर

आमच्या शिपाईमामांनी एकदा भरून आणलेलं कार्ट्रिज सवयीने जोरात हलवलं. भरणाऱ्याने झाकण नीट बसवलं नव्हतं. टेबल, मामा, भिंतीवरचं कालनिर्णय, सगळं काळं. मामांनी झाडू घेतला, कोणीतरी पंखा फुल केला. पुढचे दोन दिवस कुठल्याही फायलीवर बोट फिरवलं तरी काळं निघायचं.

आता असं करतो. पंखा आणि एसी बंद. झाडू नाही, फुंकर नाही, ब्लोअर नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही: टोनरचे कण त्याच्या पिशवीतून आरपार जातात, आणि बारीक पूड हवेत मिसळून मोटारीच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला; नेहमीचा निळा मास्क अशा पुडीला पुरत नाही. थंड पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं घेऊन कडेकडून मध्याकडे पुसत या. पाणी थंडच. गरम पाण्याने टोनर मऊ होऊन चिकटतो, मग कपड्यावरचा डाग जन्मभर. हात थंड पाण्याने आणि साबणाने, डोळ्यांत गेलं तर भरपूर स्वच्छ पाणी, आणि चुरचुर थांबली नाही तर डॉक्टर. फडकी, मोजे एका पिशवीत घट्ट बांधून टाका.

भरलेल्या कार्ट्रिजबद्दल माझं मत: स्वस्त पडतं, पण कोण भरतो ते बघा. समोर वर्तमानपत्र अंथरून, त्याच्यावर कार्ट्रिज उलटं धरून सौम्यपणे हलवा. काळं पडलं तर दुकानात परत. आणि भरण्याचं काम ऑफिसात करू देऊ नका, कितीही घाई असली तरी.

रिकामं कार्ट्रिज काळ्या पिशवीत घालून कचऱ्यात नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिजेस येतात. कंपनी परत घेते का ते विकणाऱ्याला विचारा, नाहीतर तुमच्या नगरपालिकेत किंवा पंचायतीत ई-कचरा केव्हा घेतात ते विचारून त्या दिवशी द्या. परसात पेटवून देणारे अजून आहेत. जळताना तेच प्लास्टिक आणि तोच कार्बन शेजारच्या अंगणात जातो.

पायरी ६: मशीनचं काय

वेस्ट टोनरची बाटली भरल्याचा दिवा लागला की त्याच दिवशी बदला. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये ओझोनची गाळणी असते, ती केव्हा बदलायची ते पुस्तिकेत दिलेलं असतं. सर्व्हिसवाल्याला आपणहून विचारा, कारण तो स्वतःहून सांगत नाही. सर्व्हिसच्या वेळी तो आत ब्लोअर मारायला लागला तर मशीन गॅलरीत न्यायला सांगा.

नवीन घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी. रोज थोडीच छपाई असेल, तर टाकीवाला इंकजेट बघा. त्यात फ्यूजर नाही, त्यामुळे ते अतिसूक्ष्म कण जवळजवळ नाहीत आणि वीजही कमी लागते. लेझरच हवा असेल तर जर्मनीचं 'ब्लू एंजल' चिन्ह असलेली मॉडेल्स बघा; त्या चिन्हासाठी मशीनमधून किती कण आणि वाफा बाहेर पडतात हे चाचणीत मोजलं जातं. नव्या मशीनचा पहिला आठवडा वास जास्त येतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवता येतील असा महिना निवडा. जुलैत नवीन लेझर आणणारा आमच्यासारखा मूर्ख.

मीटर आणि प्युरिफायर, विकत घेण्याआधी

बाजारात हवेतली बारीक धूळ मोजणारे हजार-दोन हजारांचे पीएम २.५ मीटर मिळतात. लोक प्रिंटरजवळ धरतात, आकडा हलत नाही, म्हणून निवांत होतात. हे मीटर साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा मोठेच कण बघतात. फ्यूजरजवळचे कण त्याहून लहान, त्यामुळे मीटरला ते दिसतच नाहीत. उलट पावसाळ्यात दमट हवेने कण फुगतात आणि मीटर उगाच मोठा आकडा दाखवतो. कार्बन डायऑक्साइडचा मीटर मात्र घ्यावा, थोडा महाग पडतो, पण खिडकी केव्हा उघडायची हे तो नेमकं सांगतो.

प्युरिफायरची हेपा गाळणी अतिसूक्ष्म कणही चांगले पकडते. वाफांसाठी आतमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनचा जाड थर हवा. नुसत्या काळ्या जाळीने भागत नाही. 'आयोनायझर' किंवा 'ओझोन' असं लिहिलेलं यंत्र घेऊ नका. ओझोन घालवायला ओझोन आणणार? आणि प्युरिफायर हा पंख्याला पर्याय नाही. तो श्वासातला कार्बन डायऑक्साइड काढत नाही.

पायरी ७: त्रास होतच असेल तर

घसा खवखवणं, डोळे चुरचुरणं, दुपारनंतर डोकं जड होणं, यांचं कारण शोधताना एकच प्रश्न महत्त्वाचा: सुट्टीच्या दिवशी कमी होतं का? दोन आठवडे वहीत लिहा. तारीख, त्रास केव्हा सुरू झाला, त्या दिवशी किती छपाई, खिडक्या उघड्या होत्या का. आमच्या बाईंच्या वहीत सोमवार ते शनिवार खुणा होत्या आणि रविवार कोरे होते. ते पान पाहिल्यावर पुढे कोणी वाद घातला नाही.

दमा असेल किंवा छातीतून शिटीसारखा आवाज येत असेल तर वहीवर थांबू नका. औषधाच्या दुकानात पीक फ्लो मीटर मिळतो, प्लास्टिकची साधी नळी असते. दिवसातून चार वेळा त्यात जोरात फुंकायचं आणि आकडा लिहायचा, निदान दोन आठवडे, सुट्टीचे दिवस धरून. कामाच्या दिवशी आकडा खाली आणि सुट्टीला वर, असं दिसलं तर तो तक्ता घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात छातीच्या विकारांचा विभाग आहे. स्पायरोमेट्रीची, म्हणजे फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची चाचणी करायची का, ते डॉक्टर ठरवतील. दम्याचा पंप आधीपासून घेत असाल तर आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. अर्ध्या वाक्यात दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वही-मीटर बाजूला ठेवा आणि १०८ फिरवा.

डॉक्टरांना नुसतं "ऑफिसात धूळ आहे" म्हणू नका. मशीन लेझर आहे की इंकजेट, तुमच्या खुर्चीपासून किती लांब, दिवसाला अंदाजे किती पानं, एसी कुठला, खिडकी उघडते का, हे पाच मुद्दे चिठ्ठीवर लिहून न्या. बाईंनी नेले होते. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, औषध लिहून दिलं, आणि मग त्यांनीच विचारलं, "हा आमच्या खोलीतला प्रिंटर कुठे ठेवू?"